दारातल्या चपला

"चपला! अरे चपला आत घ्या आधी, मग बसा!"

त्या आठवड्यात माझ्या तोंडी दिवसभर हेच होतं. संध्याकाळी शाळा सुटली की पोरं आमच्या दारात यायची, सवयीनं उंबऱ्यापुढं चपला काढायची, आणि मी कणकेच्या हातानं स्वयंपाकघरातून धावत यायची. खताचं एक रिकामं पोतं धुऊन ठेवलं होतं. त्यात सगळ्या चपला कोंबायच्या आणि पोतं मोरीत ठेवायचं. सायकली शेजारच्या शोभाताईंच्या बोळात. कुणी विचारलंच तर शोभाताई सांगणार, भाच्याच्या मित्रांच्या आहेत म्हणून. त्यांना भाचा नव्हता, पण ते कोण बघायला जातंय?

हे सगळं कशासाठी ते आधी सांगते. आमचे हे, म्हणजे सातपुते सर, गावातल्या हायस्कुलात नववी-दहावीला गणित शिकवायचे आणि संध्याकाळी घरी, पुढच्या खोलीत, दहावीची शिकवणी घ्यायचे. शाळेच्या मास्तरानं खासगी शिकवणी घ्यायची नाही असा नियम. तसं सगळ्या शिक्षकांनी लिहूनसुद्धा दिलेलं. लिहून सगळ्यांनीच दिलं आणि शिकवण्या बऱ्याच जणांनी चालू ठेवल्या. कुणी कुणाला बोलत नसे. पण त्या वर्षी दिवाळीनंतर ह्यांच्या नावानं सांगलीच्या ऑफिसात तक्रार गेली. संक्रांतीच्या सुमाराला शाळेच्या क्लार्कनं गुपचूप निरोप दिला, "सर, चौकशीला चौगुले मॅडम यायच्यात. कधी ते माहीत नाही. घर तेवढं सांभाळा."

घर सांभाळा म्हणे! सोळा-सतरा दांडगी पोरं पुढच्या खोलीत बसलेली, ती काय टोपलीखाली झाकून ठेवू?

आणि वेळ तरी कसली! इनामदार सर मे महिन्यात रिटायर होणार होते. त्यांच्यामागं सगळ्यांत जुने म्हणजे आमचे हेच. मुख्याध्यापकाची खुर्ची सरळ ह्यांच्याकडं यायची. लग्न होऊन मी या गावात आले तेव्हापासून ह्यांच्या तोंडून त्या खुर्चीबद्दल ऐकत होते. चौकशीत सापडले असते तर खुर्ची तर गेलीच, वर निलंबनाची टांगती तलवार. मला तर जेवण जाईना. आमटीत दोनदा मीठ पडायचं, नाहीतर पडायचंच नाही. रस्त्यावरून जीप गेली तरी मी उठून खिडकीशी. पुन्हा खाली बसायची, पुन्हा उठायची.

"आठ दिवस बंद ठेवा की," मी रोज म्हणायची.

"जानेवारीत? परीक्षा तोंडावर आलीय. पोरांना काय सांगू?"

"सांगा, शाळेत शिका म्हणून."

ह्याच्यावर हे हातातली वही खाली ठेवायचे. मग एकदम उसळायचे. "अगं, शाळेत सत्तर पोरं आणि अर्ध्या तासाचा तास. त्यात हजेरी घ्या, कुणाचा दाखला, कुणाची शिष्यवृत्ती, मतदार यादीचं काम. फळा पुसेपर्यंत घंटा होते. मी शिकवतो ते इथं शिकवतो."

"मग उजळ माथ्यानं शिकवा. परवानगी मागा सरकारकडं. चोरासारखं कशाला?"

"तेच तर म्हणतोय! गवंडी रविवारी दुसऱ्याची भिंत बांधतो, त्याला कुणी विचारतं का? सरकारी डॉक्टर घरी पेशंट तपासतो. मग माझं डोकं मी संध्याकाळी कुठं वापरायचं हे दुसरं कोण ठरवणार?"

मला पटायचं हो. खरंच पटायचं. हे शिकवायचे ते मी भिंतीपलीकडून ऐकत होते ना. काय शिकवायचे! एरवी घरात चार शब्द न बोलणारा माणूस, पण पुढच्या खोलीत गेला की आवाज बदलायचा. प्रश्न अर्धा टाकायचे आणि पोरं एका सुरात तो पुरा करायची. "समीकरणातल्या ए, बी, सीच्या किमती लिहायच्या. कशा लिहायच्या?" की सगळी पोरं ओरडायची, "चिन्हासकट, सर!" मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भाकरी थापता थापता मीही पुटपुटायची, चिन्हासकट सर. ही पोरं अडणार नाहीत, एवढं मला त्या आवाजावरून कळायचं.

अडत होती ती एकच, आणि ती आमच्याच घरात होती.

मुक्ता आमची एकुलती एक. त्या वर्षी दहावीला, ह्यांच्याच शाळेत, ह्यांच्याच वर्गात. पण शिकवणीला ती बसत नव्हती. त्याची दोन कारणं होती. एक म्हणजे, स्वतःची मुलगी शिकवणीत बसवली तर लोक म्हणणार, सर घरी पेपर फोडतात. आणि दुसरं, "ती काय घरचीच आहे. तिला केव्हाही शिकवता येईल." हे वाक्य जूनपासून ऐकत होते. केव्हाही म्हणजे केव्हा, ते काही ठरत नव्हतं. शिकवणी सुरू झाली की खोलीत गलका, म्हणून मुक्ता पुस्तक घेऊन गच्चीवर जायची. अंधार पडला की मागच्या जिन्यानं उतरून स्वयंपाकघरात पाटावर येऊन बसायची. तोवर शिकवणी सुटलेली असायची आणि हे दमून आडवे झालेले असायचे.

त्याच आठवड्यातली एक सकाळ मला चांगली आठवते. हे आरशापुढं दाढी करत होते आणि मुक्ता वही घेऊन मागं उभी.

"बाबा, वर्गसमीकरण मला नाही जमत. सूत्रानं सोडवायचं ते."

"अगं, झालंय की ते वर्गात. परवाच."

"परवा तुम्ही फळ्यावर नुसतं नाव लिहिलं, बाबा."

"मग? सगळे म्हणाले की झालंय म्हणून."

"सगळे नाही…"

"रविवारी बसू. अगदी सकाळी. नक्की."

"बरं," मुक्ता म्हणाली आणि वही मिटून गेली. ही पोरगी कधी भांडायची नाही. माझ्यावर गेली असती तर तिथंच वस्तरा हिसकावून घेऊन शिकवायला लावलं असतं बापाला. मी ह्यांना म्हटलंही, "अहो, तिचं काय म्हणणं आहे ते तरी ऐका." तर म्हणतात, "मुलगी कुणाची आहे! करेल ती. आधी ती चौकशीवाली बाई येऊन जाऊ दे."

आणि ती बाई आली गुरुवारी.

आम्ही सगळे जीपच्या आवाजाकडं कान लावून बसलेलो. सरकारी माणूस जीपनंच येणार ना? या बाई एसटीनं आल्या, स्टँडवरून चालत आल्या, वाटेत कुणालातरी आमचं घर विचारलं आणि कोपऱ्यावर वळल्या तेव्हा शोभाताईंना दिसल्या. आमचं ठरलेलं होतं. शोभाताई अंगणातून ओरडल्या, "वहिनी, दूध उतू गेलं बघा तुमचं!"

 मी खोलीत घुसले. "उठा! उठा रे पोरांनो, आत चला! दप्तरं घ्या!"

पोरं घाबरली तर नाहीतच, उलट गंमत वाटली त्यांना. खिदळत, एकमेकांना ढकलत सगळी स्वयंपाकघरात. आमचं स्वयंपाकघर ते केवढं! दोघी बायका उभ्या राहिल्या तर कोपराला कोपर लागायचं. कुणी ओट्याखाली, कुणी पिठाच्या डब्यावर, एक मुलगी तर देव्हाऱ्यापुढं मांडी घालून बसली. मी तोंडावर बोट ठेवून दम भरला, "आवाज निघाला तर बघा. सरांची नोकरी जाईल." तेव्हा कुठं त्यांचं हसू थांबलं. तिकडं ह्यांनी फळा उलटा करून भिंतीला टेकवला. मी दार ओढून घेतलं आणि पुढं आले तर बाई उंबऱ्यात.

साध्या सुती साडीतल्या, पन्नाशीच्या बाई, खांद्याला रेक्झिनची बॅग. दारात वाकून चपला काढल्या. आमच्या दारात त्या एकट्याच चपला होत्या आणि मला उगीचच हायसं वाटलं.

"सातपुते सर ना? मी चौगुले, विस्तार अधिकारी."

"या, या मॅडम. बसा." ह्यांनी खुर्ची पुढं सरकवली.

बाई खुर्चीवर बसल्या. खोलीभर नजर फिरवली. "मोठी सतरंजी अंथरलीय."

हे माझ्याकडं बघायला लागले. मास्तर माणूस, खोटं बोलायची वेळ आली की बायको आठवते! मी म्हटलं, "संक्रांतीचं हळदीकुंकू आहे हो माझं आज. बायका येतीलच एवढ्यात."

"अरे वा! मग मलाही लावा. कामाच्या धबडग्यात यंदा एकीकडंही जाणं झालं नाही."

घ्या! आता हळदीकुंकवाचं ताट आणायला पुन्हा आत जाणं आलं. दार अर्धवट उघडून मी अंग चोरत आत शिरले. देव्हाऱ्यापुढच्या मुलीनं करंडा उचलून दिला, ओट्याखालच्यानं तिळगुळाचा डबा वर केला, सगळं मुकाट्यानं. अशी शहाणी पोरं, आणि मी त्यांना माझ्या घरात चोरासारखी लपवलेली. मला त्यांची दया आली आणि रागही आला, कुणाचा ते सांगता येत नाही. बाहेर येऊन बाईंना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला. घाईत बोट घसरलं. कुंकू भुवईपर्यंत ओघळलं. बाईंनी पदरानं टिपलं आणि हसल्या.

"सर, तुमच्या हाताला खडू आहे."

"शाळेतून आत्ताच आलोय, मॅडम."

"हं. शिकवणी घेता असं ऐकलं."

"छे! लिहून दिलंय आम्ही. कुणीतरी मत्सरानं केलेलं आहे हे. इनामदार सर रिटायर होतायत ना, तेव्हा…" हे बोलायला लागले की थांबेनात. माझं लक्ष सगळं पाठीमागच्या दाराकडं. आत भांडं वाजलं. मी मोठ्यानं खोकले. वाटी पडली असेल, मांजर आलं असेल, अशी बडबड मीच सुरू केली. बाईंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

"वर्गाचं कसं आहे, सर? दहावी ब?"

"उत्तम आहे!" आता ह्यांना जोर आला. "माझ्या वर्गातल्या पोराला शिकवणीची गरजच नाही, मॅडम. मी वर्गातच एवढं पक्कं करून घेतो. पाहिजे तर कुणालाही विचारा." आणि मग ह्यांना ती अवदसा आठवली. चेहरा एकदम उजळला. "लांब कशाला जायचं? माझी स्वतःची मुलगी त्याच वर्गात आहे. तिला शिकवणी नाही, काही नाही. नुसत्या वर्गातल्या शिकवण्यावर आहे ती. तिलाच विचारा की!"

 मी म्हटलं, "अहो, ती अभ्यास करतेय, कशाला तिला…"

"बोलव गं तिला. मुक्ते! ए मुक्ते, खाली ये!"

ह्यांना मनापासून वाटत होतं हो, की मुक्ताला येतंय. त्यात खोटं नव्हतं. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांची गणितं तपासलेल्या माणसाला आपल्या मुलीचं गणित बघायची एकदाही गरज वाटली नव्हती.

मुक्ता मागच्या जिन्यानं उतरली आणि बाहेरच्या बोळातून पुढं आली. स्वयंपाकघरातून येणं शक्यच नव्हतं. सुरुवातीला तिला काही कळेना. ह्यांनी भिंतीचा फळा सरळ केला, घाईघाईनं पुसला, तिच्या हातात खडू दिला.

"मॅडम तुला एक गणित घालतील. घाबरायचं नाही. सोडव."

बाईंनी आमच्याच फळीवरचं बीजगणिताचं पुस्तक काढलं, चार पानं उलटली. "दोन एक्स वर्ग, वजा सात एक्स, अधिक तीन, बरोबर शून्य. सूत्रानं सोडव, बाळ. सावकाश."

मुक्तानं समीकरण लिहिलं. अक्षर छान होतं तिचं. मग खाली ए बरोबर दोन लिहिलं, बी बरोबर सात, सी बरोबर तीन. आणि थांबली. मी तिच्या पाठीकडं बघत होते. वेणीचं टोक हलत होतं. तिनं ह्यांच्याकडं पाहिलं, मग फळ्याकडं, मग पुन्हा ह्यांच्याकडं.

"बघ, बघ नीट," हे म्हणाले. "काहीतरी चुकलंय."

तिनं खडूनं सात गिरवला. तोच सात, जास्त ठळक.

ह्यांच्यातला मास्तर तेव्हा जागा झाला. समोर चौकशी आहे, नोकरी आहे, आत पोरं कोंबलेली आहेत, सगळं विसरले. फळ्यावर चूक दिसली की ह्यांना दुसरं काही दिसत नसे. बोट वर करून, त्या शिकवणीतल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "अगं, ए, बी, सीच्या किमती कशा घ्यायच्या?"

"चिन्हासकट, सर!"

सगळं स्वयंपाकघर ओरडलं. एका सुरात, रोजच्यासारखं.

मग आतून कुणीतरी "अगं आई गं" म्हणालं आणि तेही ऐकू आलं. ह्यांचं बोट तसंच वर. मी मटकन खाली बसले, त्याच हळदीकुंकवाच्या सतरंजीवर.

बाई हसल्या नाहीत की चिडल्या नाहीत. पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

"सर, तक्रार काय आहे ते तुम्ही मला विचारलंच नाही."

"शिकवणीची…" हे पुटपुटले.

"शिकवणीचं त्यात एक अक्षर नाही. ते मला इथं आल्यावर बाहेर कळलं, सगळ्या गावाला माहीत आहे. एका मुलाचे वडील ऑफिसात आले होते. गवंडीकाम करतात. त्यांचं म्हणणं एवढंच, की सर वर्गात येतात, फळ्यावर धड्याचं नाव लिहितात आणि विचारतात, झालंय ना हे? पुढच्या बाकांवरची मुलं म्हणतात, झालंय. मग सर पुढचा धडा घेतात. माझ्या मुलाचं कधी होतं ते मला दाखवा, असं म्हणत होते ते."

 बोट केव्हा खाली आलं ते मला दिसलं नाही. मी ह्यांना चांगली ओळखते. खोटं पकडलं गेल्याचा तो चेहरा नव्हता. कुठल्या पोराला कुठं शिकवलं, शाळेत की घरी, ह्याचा हिशोबच ह्यांच्या डोक्यात राहिला नव्हता. घरी जीव तोडून शिकवलेलं ह्यांना वर्गात शिकवल्यासारखं वाटायचं. पोरं झालंय म्हणाली की ह्यांना ते खरंच झालेलं असायचं.

बाई मुक्ताकडं वळल्या. "बाळ, हे तुला शिकवलं होतं?"

"वर्गात झालं होतं," मुक्ता म्हणाली. बापाला वाचवायला बघत होती पोरगी!

"तुला शिकवलं होतं का, असं विचारतेय मी."

मुक्तानं मान हलवली. नाही म्हणून.

"आणि घरी? ही बाकीची मुलं आत आहेत. तू बाहेर का?"

मुक्तानं खडू बापाच्या हातात परत दिला. मग अगदी साधेपणानं म्हणाली, "मी घरचीच आहे ना. म्हणून."

माझ्या डोळ्यांना पाणी आलं. मी पदर तोंडाला लावला. बाई उठल्या. जाताना ह्यांना म्हणाल्या, "मीसुद्धा बरीच वर्षं गणित शिकवलंय, सर. शिकवणी घ्यावी की नाही ह्यावर वरची माणसं काय बोलायचं ते बोलतील. मला दिसलं ते मी लिहिणार, ते तुम्हीही समजून घ्या." आणि मला म्हणाल्या, "वहिनी, मुलांना बाहेर काढा. गुदमरली असतील. तिळगूळ द्या त्यांना."

चपला घालून बाई कोपऱ्यावर दिसेनाशा झाल्या. त्यांनी लिहिलं, जसं होतं तसं. निलंबन टळलं, वेतनवाढ थांबली, आणि जूनमध्ये त्या खुर्चीत दुसरेच सर बसले. त्याचं आम्ही पुढं किती वाईट वाटून घेतलं, किती धुसफुसलो, ते जाऊ दे. लोक मला अजून विचारतात, गंमत म्हणून विचारतात, काय हो सातपुतेकाकू, मास्तरांनी शिकवणी घ्यावी का? माझ्याकडं त्याचं उत्तर नाही. विचारलं की मला बाई गेल्यानंतरची ती पाच-दहा मिनिटं आठवतात.

पोरं एकेक करून बाहेर आली. माना खाली. कुणी म्हणालं, "सर, चुकून आलं तोंडातून." हे म्हणाले, "असू दे. बसा." काय करावं ते न सुचून बसा म्हणाले असतील. पोरं आपापल्या जागी बसली. मोरीतलं पोतं मी ओढत आणलं आणि उंबऱ्यापुढं रिकामं केलं. आता लपवायचं कुणापासून? चपला अंगणात विखुरल्या. दोन मुलींनी उठून त्या ओळीनं लावल्या.

मुक्ता कुठं दिसेना. मला वाटलं स्वयंपाकघरात रडत बसली असेल. आत गेले तर मागचं दार उघडं, तिचं दप्तरही जागेवर नाही.  "मुक्ते!" म्हणून मी मागच्या अंगणात धावले. विहिरीपर्यंत जाऊन आले हो मी! तिथून परत फिरले तेव्हा पुढच्या बाजूनं तिचा आवाज आला. मी घरातून धावत पुढं आले.

ती उंबऱ्याबाहेर उभी होती. अनवाणी. पोरांच्या चपलांच्या ओळीत शेवटी तिनं स्वतःच्या चपला लावल्या होत्या, नीट, टाचा बाहेर करून. दप्तर छातीशी धरलेलं.

"सर," ती म्हणाली, "आत येऊ?"

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तिला शिकायचं होतं, आणि ह्या घरात शिकायचं असलं तर ह्या दारानं यायचं, एवढंच तिला कळलं होतं. एकही पोर हसलं नाही. ह्यांनी तिच्याकडं पाहिलं आणि ह्यांचा चेहरा असा झाला की मी नजर दुसरीकडं वळवली. मुख्याध्यापकाची खुर्ची गेली तेव्हासुद्धा मी तसा चेहरा पाहिला नाही.

ह्यांनी खडू ठेवला. हात धोतराला पुसावे तसे पँटला पुसले. पोरांना म्हणाले, "आज घरी जा. उद्यापासून इथं यायचं नाही. तुमच्या घरच्यांना मी भेटतो. उद्या वर्गात वर्गसमीकरण घेणार आहे. पहिल्या ओळीपासून."

पुढचा एक मुलगा सवयीनं म्हणाला, "सर, ते झालंय."

"नाही झालं," हे म्हणाले.

पोरं उठली. मुक्ता अजून दारातच.  हे तिच्या शेजारून बाहेर गेले, खाली वाकले, ओळीतल्या शेवटच्या चपला हातात उचलल्या आणि आत आणून आमच्या चपलांशेजारी ठेवल्या.